दाराजवळची जागा

किवा म्हणजे काय सोशिक बाई, असं आमच्या खाडीत आजही कुणी म्हणालं की मी उठून जाते. वाद घालायला मला आता दम पुरत नाही. पण लिहायला दम लागत नाही, म्हणून लिहिते.

ओनोदेरा किवा सोशिक नव्हती. प्राथमिक शाळेत ती माझ्या बाकावर बसायची आणि बाकाचा पाऊण भाग तिचा असायचा. मी पुढे शहरात कॉलेज केलं, परत येऊन इथल्याच शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. ती कालवं फोडायच्या शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली. तेच स्टूल, तशीच बोथट सुरी. शेडमध्ये सगळ्यात मोठा आवाज तिचा. मी कालवं घ्यायला गेले की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, "आल्या बघा बाई! काय गं मिने, आजपण मूठभरच का? पेन्शन उशीत भरतेस की काय?"

"तुझ्या काट्यावर भरवसा नाही म्हणून मूठभर," मी म्हणायचे.

"काटा बरोबर आहे. अंगठा जड आहे माझा."

शेड हसायची. आमच्याकडे बायका हसताना तोंडावर हात धरतात. पण हातात रबरी मोजे, मोज्यांवर चिखल आणि शिंपल्यांचा चुरा, हात धरणार कसा? मग बाकीच्या माना खाली घालून हसत. किवा मात्र खांद्यात तोंड खुपसायची, कोंबडी पंखात चोच घालते तशी. त्याचं कारण मला ठाऊक होतं. चाळिशीच्या आत तिचे सगळे दात गेले होते आणि वरखाली कवळी होती. त्या काळी इथे त्यात नवल नव्हतं, निम्म्या बायांची तीच गत. पण किवाने ते कुणाला कधी दिसू दिलं नाही. न्हाणीघराचं दार लावायचं, नळ मोठा सोडायचा आणि मगच कवळी काढायची. तिच्या नवऱ्याने, तोमेझोने, तिचं रिकामं तोंड कधी पाहिलं नव्हतं. हे तिने स्वतः मला सांगितलं होतं, एखादं बक्षीस मिळाल्यासारखं.

तोमेझोचं सगळं उलटं. तो कवळी कुठेही काढून ठेवायचा, होडीच्या काठावर, देवळाच्या पायरीवर. पुतणीच्या लग्नात त्याने ती साकेच्या पेल्यात बुडवली होती. किवा दबक्या आवाजात तणतणली, "अहो, लाज विकून आलात का?" हा हिरड्या दाखवत म्हणाला, "चावायचं काम सगळं ती करते. प्यायला नको तिला?"

दोघांना मूलबाळ नव्हतं. भांडायला दोघं एकमेकांना पुरत होती.

भूकंप झाला त्या दुपारचं जे सांगते ते मला पुढे किवाकडूनच कळलं. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी तिची हिरडी दुखत होती म्हणून ती शेडमधून लवकर घरी आली. न्हाणीघराचं दार लावून तिने कवळी काढली आणि बेसिनच्या कडेला ठेवली. तोमेझो जेवून पडला होता. त्याची कवळी, निजताना ठेवायचा तशी, बेसिनवरच्या कपात. जमीन हलायला लागली आणि थांबेचना. दिवे गेले. त्या न्हाणीघराला खिडकी नाही. बाहेरून तोमेझो ओरडला, "मी होडी काढतो! तू शाळेवर जा!"

जमीन मोठी हलली की आमचे मच्छीमार किनाऱ्यावर थांबत नाहीत. होडी खोल पाण्यात नेतात. तिथे लाट नुसती उचलते आणि खाली ठेवते. होडी वाचली तर पुन्हा सगळं उभं करता येतं, असा हिशेब. तोमेझो तसाच धावला, बिनदातांचा. किवाने अंधारात बेसिन चाचपलं, कप हाताला लागला, त्यात होतं ते रुमालात बांधलं आणि ती टेकडी चढली. शाळेच्या पायऱ्यांवर रुमाल सोडला तेव्हा तिला कळलं. हाताशी आली होती ती तोमेझोची. तिची स्वतःची खाली बेसिनच्या कडेलाच राहिली होती. खाली जायला तोवर काही उरलं नव्हतं.

लाटेबद्दल मी लिहिणार नाही. आम्ही वरून पाहत होतो. गाव होतं, मग नव्हतं. बर्फ पडत होता. हाताकेयामा मासेवाला माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "बाई, माझं दुकान चाललं." बस चालली म्हणावं तसं. मी हो म्हटलं. रडलं कुणी नाही.

शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये आम्ही राहायला लागलो. खाली पुठ्ठे, वर मिळेल ते पांघरूण. रॉकेलचे स्टोव्ह होते, त्यांचा धूर होता आणि थंडी इतकी की खिडक्या उघडायला कुणी तयार नव्हतं. हाताकेयामाचा आवाज मोठा म्हणून तो हॉलचा प्रमुख झाला. जागा वाटताना किवाने हाताने खूण करून दाराजवळची जागा मागितली. ती सगळ्यांत वाईट जागा होती. दार उघडलं की वारा सरळ अंगावर. लोक म्हणाले, बघा, किती समजूतदार. मीपण तेच धरून चालले. विचार करायचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. भात आला की खायचा, रेडिओ लागला की नावं ऐकायची, अंधार पडला की पडायचं.

किवा तिथे का बसली, तर तिथून आत येणारा प्रत्येक माणूस दिसतो म्हणून. एवढंच होतं.

ती बोलत नव्हती. मास्क लावून बसायची, भिंतीकडे कलून. मास्कचं कुणाला काही वाटलं नाही, तेव्हा अर्धा हॉल मास्क लावून होता. तोमेझोचा पत्ता नाही, म्हणून ती गप्प आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गार भाताचा गोळा आला की ती शेजारच्याला द्यायची. पातळ काही आलं तर मास्क जरासा उचलून, भिंतीकडे तोंड करून प्यायची. दात नसताना गारठलेला भात चावणार कशाने? पण बघणाऱ्यांना दिसत होतं ते असं, की किवाताई आपला घास दुसऱ्याच्या तोंडात घालतात.

पाणी बेताचं मिळायचं. संडास बाहेर होते आणि तिथे जायचं तर निजलेल्यांच्या पायांवरून जावं लागायचं. आम्हा म्हाताऱ्यांना त्याची फार भीड. मग बहुतेकांनी पाणी पिणंच कमी केलं. तोंड धुवायची टाकी अंगणात, सगळ्यांसमोर. किवा तिकडे कधी गेलीच नाही. तोंड धुवायचं तर मास्क काढायला हवा.

एके सकाळी रेडिओवरच्या कवायतीनंतर हाताकेयामाने भाषण केलं. "किवाताईंकडे बघा," तो म्हणाला. "घर गेलं, तोमेझोभाऊंचा पत्ता नाही. पण एका शब्दाने तक्रार नाही. घास दुसऱ्याला देतात. वाईट जागा आपण होऊन मागून घेतली. आपण सगळ्यांनी असं राहायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. किवाने बसल्या जागी वाकून नमस्कार केला. आता ही बाई बोलणार कशी? हॉलमध्ये टाळ्या मिळाल्यावर, दात नाहीत म्हणून मी खात नाही, असं उठून कोण सांगेल?

मग चिखल वाळला. तो आमच्या खाडीचा नेहमीचा चिखल नव्हता. तळातून वर आलेला, काळा, डिझेलचा आणि सडक्या माशांचा. वाळला तसा तो वाऱ्यावर उठायला लागला. खाली माणसं शोधायला गेलेले पुरुष संध्याकाळी वर येत ते धुळीने करडे होऊन. घर गेलं, गाव गेलं, तरी आमची माणसं बूट घालून आत येत नाहीत. दारात बूट काढायचे, एकमेकांवर आपटून झाडायचे, रांगेत लावायचे आणि मग आत यायचं. हॉल स्वच्छ राहावा म्हणून. ती सगळी धूळ दाराजवळ बसायची. दाराजवळ, जमिनीला गाल लावून, किवा निजायची.

पहिला गेला कुमागाई. त्याला आधीपासून फुफ्फुसाचा त्रास, नाकात नळी आणि जवळ प्राणवायूचं यंत्र. वीजच नाही म्हटल्यावर यंत्र चालणार कशावर? त्याला हेलिकॉप्टरने आत डोंगरापलीकडच्या इस्पितळात नेलं. त्याची बायको बंद पडलेलं यंत्र जवळ घेऊन बसली होती, कुणी उचलून नेईल म्हणून. कुमागाई परत आला नाही. हॉलमध्ये एक समज पक्का झाला, की त्या हेलिकॉप्टरमध्ये गेलेला माणूस पेटीतून येतो. त्यानंतर म्हातारी माणसं एकेक करून खोकायला लागली. तो खोकला जोराचा नव्हता. ओलसर, दमलेला, पांघरुणात दाबून धरलेला. शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून लोक उशी चावत खोकत होते. आज एक जायचा, परवा दुसरा. जागा रिकामी झाली की हाताकेयामा पुठ्ठे सरकवून घ्यायचा.

किवाही खोकत होती. ती कूस बदलायची, दाराकडे बघायची आणि खोकायची.

दक्षिणेकडून मदतीला आलेल्या परिचारिकांपैकी ओकिता नावाची एक मुलगी इस्पितळातून आमच्या हॉलमध्ये यायची. तिची बोली आम्हाला निम्मी कळायची, आमची तिला बहुधा तेवढीही नाही. ती प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून त्यातला आकडा बघायची. किवाच्या बोटाला लावला आणि ती पुन्हा बघत बसली. मग दुसऱ्या बोटाला लावला.

"आजी, आ करा बघू."

किवाने मान हलवली.

"मास्क थोडा खाली घ्या. घसा बघते."

पुन्हा मान.

"बाई, तुम्ही सांगा ना यांना," ओकिता माझ्याकडे वळली. "छातीत घरघर आहे, ताप आहे. यांना आजच इस्पितळात न्यायला हवं. दुपारी गाडी आहे."

हाताकेयामा तिथे आला. "किवाताई, जा हो. तुमच्यासारख्या माणसाने तर जपायला हवं."

"तू गप्प बस रे," मी म्हटलं. "तुझं भाषण झालंय मागेच." मी किवाजवळ बसले. "काय लावलंयस? ऊठ. चपला कुठायत तुझ्या?"

तेव्हा ती बोलली. मास्कच्या आतून वारा बाहेर आल्यासारखे शब्द आले, नुसते फुसफुसणारे. "मी नाही जात."

तिचा आवाज मी साठ वर्षांहून जास्त ऐकलेला. मला लगेच कळलं. मी हाताकेयामाला आणि ओकिताला म्हटलं, "तुम्ही जरा तिकडे व्हा." ते गेले. मी माझी शाल दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली, पोरी गुपित सांगताना घेतात तशी. आत अंधार झाला.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"खाली. घरातच राहिली."

"आणि तू तेव्हापासून नुसत्या पाण्यावर?"

"सूप येतं अधूनमधून."

"अक्कल कुठे गेली गं तुझी? तीपण खालीच राहिली का?"

ती हसली नाही. तिने कोटाच्या आतल्या खिशातून ब्रेडची प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात ओला रुमाल, रुमालात तोमेझोची कवळी. मग तिने मला त्या दुपारचं सगळं सांगितलं, अडखळत, मध्ये मध्ये खोकत.

"यांची आहे," ती म्हणाली. "हे तसेच गेलेत. परत आले की खाणार कशाने? मी इथे नसले तर हे बघतील, मी नाही, मग परत शोधायला खाली जातील. ही वाळून चालत नाही गं. वाळली की वाकडी होते, मग हिरडीवर बसत नाही. रोज भिजवावी लागते."

"कशात भिजवतेस?"

"पिण्याचं पाणी मिळतं ना, त्यात."

राग यायला हवा होता, आला नाही. रडू यायला हवं होतं, तेही नाही. शालीखाली तिचा श्वास ऐकू येत होता, भांड्यात थोडंसं पाणी उरलं की उकळताना येतो तसा आवाज.

"दे इकडे," मी म्हटलं.

"काय?"

"ती दे. मी बसते तुझ्या जागेवर. तो आला तर त्याच्या हातात देईन, म्हणेन तुझी बायको इस्पितळात आहे, तोंडात घाल आणि जाऊन तिला भेट."

"ओळखशील तू? दाढी वाढली असेल यांची."

"त्या माकडाला कोण ओळखणार नाही?"

तिने रुमाल पुन्हा पिशवीत घातला. "भिजवशील रोज?"

"भिजवीन."

"तुझं पाणी कमी पडेल."

"किवा, मी तुला उचलून गाडीत टाकीन हं."

"तुझ्याने पोतं उचलत नाही," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

दुपारी ती गेली. स्ट्रेचरवरूनही ती दाराकडे बघत होती. लोक माना लववत होते. हाताकेयामा म्हणाला, "शेवटपर्यंत हूं नाही की चूं नाही." मी त्याला सांगितलं, की किवाला दात नव्हते, म्हणून ती बोलत नव्हती, आणि खात नव्हती तीही त्याच कारणाने, आणि हॉलमध्ये अशी आणखी किती माणसं आहेत ते आज संध्याकाळपर्यंत बघ. तो खरोखर बघायला गेला. त्याचं एक आहे, सांगितलं की करतो. बरेच निघाले. कुणाची एक कवळी गेलेली, कुणाची दोन्ही, कुणाची आहे पण लाजेकाजेस्तव तोंडातून काढलेलीच नाही, धुतलेली नाही. अंगणातल्या टाकीला त्याने ताडपत्रीचा आडोसा बांधला. बूट झाडायची जागा पायऱ्यांच्या खाली नेली. यातलं काही आधी कुणाला का सुचलं नाही, हे मला विचारू नका. सुचायला डोकं जागेवर लागतं.

मी किवाच्या जागेवर बसले. दार उघडायचं, मिटायचं. आत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे मी बघायचे, आधी तोंडाकडे आणि मग चेहऱ्याकडे. रोज सकाळी माझ्या वाट्याच्या पाण्यातलं थोडं झाकणात ओतून रुमाल भिजवायचे. कवळीच्या वरच्या बाजूला एका दातावर तंबाखूचा डाग होता. तो जाईल का म्हणून मी एकदा घासून पाहिलं. गेला नाही. मलाही खोकला लागला. ओकिता यायची आणि मी विचारायच्या आत सांगायची, "आहेत. नळी लावलेली आहे. ताप उतरतो आणि परत चढतो."

"का चढतो?"

"तोंड उघडत नाहीत ना," ती म्हणायची आणि पुढच्या माणसाकडे वळायची.

तोमेझो आला नाही. एके सकाळी पोलीस आला. तरुण होता, डोळे सुजलेले. दारातच बूट काढून, टोपी हातात घेऊन त्याने वाचून दाखवलं. पलीकडच्या खाडीत एक होडी उलटी सापडली. जवळच एक माणूस सापडला, वयस्कर, मध्यम उंचीचा. अंगात मच्छीमारांचा निळा रबरी पोशाख, जो सगळेच घालतात. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं नाही. तोंडात दात नाहीत.

"कुणाला काही सांगता येईल का?" त्याने विचारलं. बिनदातांचे म्हातारे आमच्याकडे पुष्कळ.

"दात माझ्याकडे आहेत," मी म्हटलं.

त्याला आधी कळलं नाही. मग मी पिशवी दाखवली.

भाजीबाजाराच्या गोदामात त्यांना ठेवलं होतं. ताडपत्र्या, रांगा, थंड सिमेंट. तिथे एक दंतवैद्य होता, माझ्या वयाचा. त्याचं स्वतःचं कुणी तिथे आहे की काय ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मला पडद्याच्या अलीकडे खुर्ची दिली. त्याने रुमाल उघडला, कवळी उजेडात धरली.

"ओली कशी?" त्याने विचारलं.

"बायको भिजवत होती. मग मी."

"चांगलं केलंत. वाळली असती तर मला काही सांगता आलं नसतं."

तो पडद्यामागे गेला. पाण्याचा आवाज आला, हातमोज्यांचा आवाज आला. मग एक बारीक आवाज आला, डब्याचं झाकण बसल्यासारखा. तो बाहेर आला आणि त्याने मान डोलावली. "त्यांचीच आहे. कसर नाही. काढू, की राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं.

पोलिसाने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, बायकोची मैत्रीण. त्याला लिहायला रकाना सापडेना. त्याने काहीतरी लिहिलं.

लष्कराच्या गाडीतून मी डोंगरापलीकडे गेले. इस्पितळाच्या दारापासून माणसं होती. खोल्या भरलेल्या, मग कॉरिडॉर भरलेला, मग बाहेरच्या रुग्णांनी बसायच्या बाकांवर गाद्या टाकलेल्या. सगळे म्हातारे, सगळ्यांच्या नाकात नळ्या, सगळ्यांचा तोच ओलसर, दमलेला खोकला. कुणी इकडच्या खाडीचे, कुणी तिकडच्या. हात पाय मोडलेलं असं फारसं कुणी दिसेना. मला वाटलं होतं भूकंपाने हाडं मोडतात. एरवी अख्ख्या हिवाळ्यात इतके न्यूमोनियाचे येत नाहीत, असं एक डॉक्टर जाता जाता दुसऱ्याला म्हणाला. त्याचा आवाज दुकानात माल कमी पडल्याचं सांगावं तसा होता. त्यालाही कशाचं काही वाटत नसावं.

ओकिता तिथेच होती. तिने मला बाजूला घेतलं. "बाई, बरं झालं आलात. औषध देतोय, पण तोंड साफ करू देत नाहीत. रोज ओठ घट्ट मिटून घेतात. तोंडातलं सगळं रात्री झोपेत खाली उतरतं, सरळ छातीत. असंच चाललं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "तुम्ही सांगून बघा."

किवा कॉरिडॉरच्या टोकाला होती, एका खिडकीखाली. एवढीशी झाली होती. तोंडाजवळ उशीचं टोक धरलेलं. मला पाहिल्याबरोबर तिची नजर माझ्या हातांकडे गेली. हात रिकामे होते.

मी बाकावर बसले. कसं सांगायचं ते गाडीत ठरवलं होतं, ते काही आठवलं नाही.

"आले हे?" तिने विचारलं.

"आला. पलीकडच्या खाडीतून."

ती छताकडे बघत राहिली. शेजारच्या गादीवरचा म्हातारा खोकला, थांबला.

"दिलीस?"

"दिली."

"वाळू दिली नव्हतीस ना?"

"नाही."

"नीट बसली?"

"बसली. दंतवैद्य म्हणाला, कसर नाही."

"डाग गेला नसेल."

"नाही गेला. घासून पाहिला मी."

"मीपण घासायचे," किवा म्हणाली. खिडकीबाहेर एक हेलिकॉप्टर उतरत होतं, काच थरथरत होती. ती थरथर थांबेपर्यंत आम्ही दोघी काचेकडे बघत होतो. भूकंप झाल्यापासून काच हलली की आमच्याकडे सगळे तसंच बघतात.

ओकिता ट्रे घेऊन आली. काडीला लावलेले स्पंजचे बोळे, पाण्याचा पेला. तिने दर वेळेसारखं, उत्तराची अपेक्षा न ठेवता म्हटलं, "आजी, आ करा."

मी उठले. मी पाहिलेलं किवाला नको असणार हे मला ठाऊक होतं. मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडे वळले.

"बस," किवा म्हणाली.

"मी येते पाच मिनिटांत."

"बस गं मिने. आता कुणापासून लपवू?"

मी बसले. तिने उशीचं टोक सोडलं आणि तोंड उघडलं. पहिला बोळा काळा निघाला. दुसरा तपकिरी. ओकिता नवीन बोळा घेत राहिली. किवाने तोंड मिटलं नाही.